विरार लोकल आणि आमचं खुराडं

ज्यांनी हा एपिसोड कानाने ऐकलाय त्यांना मागे एक कोंबडा सारखा आरवताना ऐकू आला असेल. आवाज काढून टाकायला एक अख्खी संध्याकाळ घालवली, पण गेला नाही. मग ठरवलं, आज त्याच्याच घराबद्दल बोलू. खाली तेच सगळं, थोडं नीट करून लिहिलंय.

आमचं घर वसईत निर्मळजवळ, मागे छोटी वाडी. मी दिवसभर लॅपटॉपवर कोड लिहितो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये हौस आली आणि सात गावठी कोंबड्या आणल्या. खुराडं मीच बांधलं, परदेशातला एक व्हिडिओ बघून. चारी बाजूंनी प्लाय, वर पत्रा, मस्त रंग आणि हवेसाठी चार-चार इंचांची दोन भोकं. आजी एकदा बघून गेली आणि म्हणाली, "अरे, हे खुराडं आहे की कपाट?" मी हसलो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सातातल्या तीन कोंबड्या मेल्या होत्या.

आधी वाटलं, साथ आली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कोंबडीचे डोळे पाहिले, सुजलेले आणि पाणावलेले. श्वास घेताना घरघर होत होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खुराड्यात वाकून नाक घातलंय का कधी?" घरी येऊन मी तसं केलं आणि दहा सेकंदांत माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं.

आता यामागचं गणित. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम शीट टाकते आणि त्यात पाऊण भाग पाणी असतं. सात कोंबड्या म्हणजे रोज अर्ध्या लिटरहून जास्त पाणी, उच्छ्वासातली वाफ वेगळी. शिटेतल्या युरिक आम्लाला ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे पंचवीस भाग, ही कोंबड्यांसाठी साधारण वरची मर्यादा धरतात. त्यापुढे श्वासनलिकेतले बारीक केस खराब होतात, आणि मग एरवी पचून गेला असता असा संसर्गही जीव घेतो. आपण उभे राहून वास घेतो, कोंबडी जमिनीपासून सहा इंचांवर घेते. तिच्या उंचीवर नाक नेल्याशिवाय काही कळत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश आणि घामाच्या ग्रंथी शून्य. ती चोच उघडून धापा टाकते, तोंडातलं पाणी वाफ होऊन जातं, तेवढाच गारवा. हवाच ओली असेल तर वाफ जाणार कुठे? जुलैतली विरार लोकल आठवा. पाऊस आला की खिडकीवाले झडपा पाडतात. ते कोरडे राहतात आणि मधले सगळे गुदमरतात. मी कोंबड्यांना दोन भोकांच्या लोकलमध्ये कोंबलं होतं, तेही रात्रभर.

त्या व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे बर्फ पडतो, आत-बाहेर तापमानात भरपूर फरक असतो, त्यामुळे गरम हवा वरच्या भोकातून आपोआप बाहेर खेचली जाते. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री आत-बाहेर दोन-तीन अंशांचा फरक आणि खुराडं जेमतेम तीन-चार फूट उंच. एवढ्यावर ओढ फारच मंद लागते. इथे हवा आरपारच जायला हवी. आजीच्या लहानपणीचं खुराडं बांबूच्या कामट्यांचं होतं, वर कौलं आणि झावळ्या. सगळीकडून फटीच फटी. तिला हे सूत्र माहीत नव्हतं, गरजही नव्हती.

नवीन खुराडं ऑक्टोबरमध्ये बांधलं. आता नऊ पक्षी आहेत. आतली जागा सहा बाय पाच फूट, बाहेरचं जाळीचं अंगण बारा बाय आठ. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे मे महिन्यातलं तिरकं ऊन आत घुसत नाही. खालचे दीड फूट बंद, म्हणजे पावसाचे शिंतोडे आत येत नाहीत. त्यावर थेट छपरापर्यंत दोन्ही लांब बाजूंना नुसती जाळी. छप्पर दोन्हीकडे तीन-तीन फूट पुढे काढलंय, पश्चिमेला गुंडाळता येईल अशी ताडपत्री. ती फक्त झोडपणाऱ्या पावसात सोडायची आणि वरची एक वीत तेव्हाही उघडीच ठेवायची. पत्र्यावर झावळ्या टाकल्या, उन्हाळ्यात फरक हाताला कळतो.

जोतं दोन फूट उंच घेतलं. फॅब्रिकेटर म्हणाला, एवढं कशाला? जुलै २०१८ मध्ये इथे पाणी भरलं, लाइट गेली, गाड्या बंद पडल्या, ते आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही.

जाळीत पैसे वाचवू नका. ती षट्कोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड मेश घ्या आणि ती खालून फूट-दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पुरा, घुशी उकरून थकतात. अंगणाचा अर्धा भाग तरी छपराखाली हवा. चिखलात फिरणाऱ्या कोंबड्यांना रक्ती हगवण हमखास गाठते.

आत भाताचं तूस चार इंच, रोज उलथापालथ. ओलं झालेलं काढून टाका. त्यावर चुना मारून वास दाबायचा सल्ला मलाही मिळाला होता. पण चुन्याने आम्लता कमी होते आणि अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना रिकामं खुराडं धुऊन झाल्यावर, भिंतींना.

हवा फिरते का हे बघायला मी सेन्सर मागवणार होतो. आजीने उदबत्ती दिली. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की त्यांच्या उंचीवर उदबत्ती धरायची, तूस आणि झावळ्यांपासून जपून. धूर तिथेच घुटमळला तर जाळी वाढवा. सरळ आडवा निघून गेला तर ठीक. माझ्या जुन्या कपाटात हा प्रयोग केला असता तर मिनिटभरात उत्तर मिळालं असतं.

बर्ड फ्लूबद्दल तिघांनी मेसेज केलेत. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातली पहिली साथ आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरजवळ वेहळोलीला आणि मग आपल्या वसई-विरार भागातही कोंबड्यांमध्ये तो सापडला. म्हणून दाणा-पाणी छपराखालीच ठेवा, रानपक्ष्यांची शीट त्यात पडता कामा नये. एकदम दोन-चार पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, गपचूप पुरू नका. राणीखेत म्हणजे मानमोडीची लसही तिथेच विचारा.

शेजाऱ्यांनी गेल्या जुलैत वासाची तक्रार केली होती. या जुलैत त्यांची तक्रार फक्त कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याबद्दल आहे, आणि त्याच्यावर माझ्याकडे कुठलंच सूत्र नाही.