बेलापूरच्या एका परिषदेतून प्रवरेचा साखर कारखाना कसा उभा राहिला?

उद्योजकांचे मेळावे हल्ली तालुक्या-तालुक्यात होतात. व्हिजिटिंग कार्डं वाटली जातात, प्रत्येकजण मिनिटभरात आपला धंदा सांगतो, चहा-नाश्ता होतो आणि ग्रुप फोटो स्टेटसला लागतो. काहींना ऑर्डर मिळते, बऱ्याच जणांना फक्त फोटो.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, 1945 साली असाच एक मेळावा भरला होता. जागा बेलापूर. नवी मुंबईतलं नव्हे, श्रीरामपूरजवळचं. नाव होतं दख्खन कालवा बागाईतदार परिषद.

आता बागाईतदार म्हणजे शेतकरी, उद्योजक कसे? तर ऊस लावायचा म्हणजे बेणं, खत, पाणीपट्टी, मजुरी असा आधी खिशातला पैसा ओतायचा, बहुतेकदा कर्ज काढून. मग गुऱ्हाळ लावायचं, गूळ करायचा आणि बाजारात भाव मिळेल या भरवशावर बसायचं. हा धंदाच होता, फक्त भाव ठरवणारे दुसरे होते.

भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. पण 1929 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, त्यात गूळही आला. दुसरीकडे 1932 साली सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण दिलं आणि खासगी कारखान्यांचे दिवस पालटले. हरेगावचा कारखाना आधीपासून होता, पुढे टिळकनगर, साकरवाडी असे नवे आले. या कारखान्यांची रीत अशी, की शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घ्यायच्या आणि ऊस स्वतःच पिकवायचा. म्हणजे मालकाला मिळायचा खंड, नफा कारखान्याचा. (याच जमिनी परत मिळवण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांनी पुढे कित्येक दशकं लढा दिला, पण तो स्वतंत्र विषय आहे.)

तर अशा अडचणीत सापडलेली माणसं बेलापूरला जमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी मांडलेला मुद्दा साधा होता: ऊस तुमचा आहे, तर त्याची साखर करणारा कारखानाही तुमचाच का नसावा? तोही सहकारी.

शेतकऱ्यांनी कारखाना काढणं ही अगदीच अद्भुत कल्पना नव्हती. सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला ऊस पिकवणाऱ्या माळी समाजातल्या शेतकऱ्यांनी 1932 साली कंपनी काढून ते केलं होतं. फरक असा, की कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त. सहकारी संस्थेत मात्र दोन एकरवाला असो की पन्नास एकरवाला, प्रत्येक सभासदाला एकच मत.

असली भाषणं ऐकून माणसं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. इथे तसं झालं नाही, याचं मोठं श्रेय लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांना. त्यांचं शालेय शिक्षण फारसं नव्हतं, पण 1923 सालीच त्यांनी लोणीत सहकारी पतसंस्था काढली होती. सावकाराच्या दारात उभा राहणारा शेतकरी संस्थेत पैसे कधी गुंतवतो आणि कधी नाही, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी गावोगाव फिरून भागभांडवल जमवलं. न दिसणाऱ्या कारखान्यासाठी रोख पैसे मागणं किती अवघड असेल, याचा अंदाज आज स्टार्टअपसाठी गुंतवणूकदार शोधणाऱ्यांना येईल.

नुसत्या शेतकऱ्यांच्या पैशात कारखाना उभा राहणार नव्हता. मुंबई सरकारने भागभांडवलात वाटा उचलला. तेव्हा सरकारात अर्थखातं वैकुंठभाई मेहतांकडे होतं आणि ते स्वतः सहकारातले जाणकार. इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनने कर्ज दिलं. अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील अशी जोडी बसली. हिशेब आणि सरकारदरबार जाणणारा एक, माणसं जाणणारा दुसरा. 1948 साली संस्था नोंदली गेली आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरला गाळप सुरू झालं. कारखान्यापाठोपाठ शाळा, महाविद्यालयं, दवाखाना आला. पुढे संगमनेर, राहुरी, कोपरगाव अशी रांगच लागली.

या वाढीची दुसरी बाजूही आहे. पाणी उसाकडे वळलं, कारखान्याची खुर्ची आमदारकीची पायरी झाली आणि राज्यातले काही सहकारी कारखाने कर्जात बुडून खासगी मालकांच्या हाती गेले.

सभासदाचं ते एक मत मात्र कायद्याने आजही शाबूत आहे. दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभा होते. उतारा किती आला, एफआरपीची रक्कम वेळेत का मिळाली नाही, कर्ज किती वाढलं, हे तिथे कुठलाही सभासद उभा राहून विचारू शकतो. अनेक ठिकाणी अहवाल वाचून संपायच्या आत मागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो आणि पंगती बसतात.