कुऱ्हाडे इथे राहतात का?

वरळीच्या बीडीडी चाळींत कुणी पाहुणा नुसतं 'कुऱ्हाडे राहतात का?' विचारत शिरला, तर त्याला किती दारं वाजवावी लागतील? 1920च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या मूळच्या 121 चाळी. चाळीला 80 खोल्या. म्हणजे 9,680 दारं. कुऱ्हाडे पहिल्याच दारात भेटले तर नशीब. पण ते तिथे राहतच नसतील, तर एकही दार वगळून चालत नाही. 'नाही' हेच उत्तर सगळ्यांत महाग.

पायथनमध्ये साध्या यादीला 'इन' लावून अमुक नाव आहे का विचारलं, की संगणक हीच दारं वाजवत फिरतो. यादी अकारविल्हे असेल, तर मधोमध बघून अर्धी बाजू सोडून देता येते. मग फार तर 14 नावांत निकाल लागतो.

पोस्टमन एवढीही यातायात करत नाही. तो चाळ आणि खोलीचा क्रमांक वाचतो. 1953 साली आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी मांडलेली हॅशिंगची कल्पना याच्याही पुढची: पत्ता नावातूनच काढायचा. अक्षरांच्या संकेतांकांचं गणित करायचं आणि येईल त्या क्रमांकाच्या खोलीत नाव ठेवायचं. शोधताना तेच गणित करून थेट त्या खोलीत डोकावायचं. पायथनचा 'सेट' असा चालतो. दोन नावांना एकच खोली आली तर? पायथन दुसऱ्याला वेगळी रिकामी खोली बघून देतो. जावाचा 'हॅशमॅप' दोघांना एकत्रच ठेवतो. 160 चौरस फुटांत अख्खं कुटुंब राहिलेल्या वरळीकराला यात नवल वाटू नये.

हा हॅशमॅप सहसा 75 टक्के भरला की दुप्पट जागा घेऊन सगळी वाटणी नव्याने करतो. त्याला म्हणतात रिहॅशिंग. वरळीत म्हणतात पुनर्विकास! ऑगस्ट 2025मध्ये इथल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. संगणकाला संक्रमण शिबिर लागत नाही, एवढाच त्याचा फायदा.

आता आपले कुऱ्हाडे. त्यांच्या नावातला 'ऱ' संगणकात एकसंध चिन्ह म्हणूनही साठवता येतो, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संकेतांक बदलले की गणित बदलतं आणि पाहुणा भलत्याच खोलीपाशी पोचतो. म्हणून दोन्ही रूपं आधी एका साच्यात आणावी लागतात. युनिकोडने त्याचे नियम ठरवून दिले आहेत. ते न पाळणारा प्रोग्रॅम, कुऱ्हाडे घरात चहा पीत बसलेले असताना, 'इथे कुणी नाही' म्हणून खुशाल जिना उतरतो.