बेचाळीस मिलिमीटरची लोकल

बोरिवली ते चर्चगेट किंवा मुलुंड ते सीएसएमटी अशी तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला लोकल तोंडपाठ असते. पुलाच्या जिन्यासमोर कितवा डबा लागतो, अंधेरीला फलाट कुठल्या बाजूला येतो, दादर गेल्यावर कुठली विंडो रिकामी होणार, हे तो झोपेतही सांगेल. त्यालाच विचारा, डब्याची रुंदी किती? बारा डब्यांत मोटर कोच किती? छतावरच्या त्या पेट्या कशाच्या? इथे गाडी अडते. हे प्रश्न प्रवाशाला पडायचं कारणच नाही. ते पडतात लोकलचं हुबेहूब मॉडेल करायला बसलेल्या माणसाला.

उत्तरं अशी आहेत. डब्याची रुंदी साधारण ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट. बारा डब्यांच्या गाडीत मोटर कोच चार. तीन डब्यांचा एक संच, असे चार संच जोडलेले. आणि सीमेन्सच्या गाड्यांच्या छतावरच्या पेट्या गर्दीत बाहेरची हवा आत ढकलण्यासाठी आहेत. यातली पहिली गोष्ट, ती बारा फूट रुंदी, मॉडेल करणाऱ्याची झोप उडवते. का, ते समजण्यासाठी आधी विलायतेत डोकावावं लागेल.

विलायतेची गाडी, विलायतेपेक्षा रुंद

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावर धावली. जीआयपी रेल्वेच्या (म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या) या गाड्यांचे डबे इंग्लंडच्या कॅमेल लेअर्ड आणि जर्मनीच्या युर्डिंगेन इथल्या वाघिणी कारखान्यात तयार झाले होते. १९२८च्या जानेवारीत बीबीसीआय रेल्वेची (म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची) विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोचली. दोन्हीकडे वीज १५०० व्होल्ट डीसी.

शंभर वर्षांनंतरही हे नातं तुटलेलं नाही, फक्त त्याचं रूप पालटलं आहे. त्याच क्रेफेल्ड-युर्डिंगेनमध्ये आज सीमेन्सचा कारखाना आहे आणि लंडनच्या थेम्सलिंक मार्गावरच्या क्लास ७०० गाड्या तिथेच बांधल्या गेल्या. लंडनच्या एलिझाबेथ लाइनवरच्या क्लास ३४५ गाड्या बॉम्बार्डिअरने इंग्लंडमधल्या डर्बीच्या कारखान्यात बांधल्या. आपल्याकडे २००७ साली आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकलची विद्युत यंत्रणा सीमेन्सची आणि २०१५पासून आलेल्या लोकलची बॉम्बार्डिअरची. डबे मात्र चेन्नईतल्या पेरांबूरमधले, इंटिग्रल कोच फॅक्टरीचे.

कंपन्या त्याच असल्या तरी अंगकाठी वेगळी. ब्रिटनचे बोगदे आणि पूल एकोणिसाव्या शतकात बांधलेले, अरुंद. त्यामुळे कितीही आधुनिक गाडी आणली तरी ती त्यातूनच जायला हवी. क्लास ३४५चा डबा जेमतेम २.७८ मीटर रुंद आहे. आपली लोकल त्याहून जवळजवळ तीन फूट जास्त रुंद. रुळांमधलं अंतरही वेगळं: ब्रिटनमध्ये १४३५ मिलिमीटर, आपल्याकडे ब्रॉडगेज १६७६.

ब्रिटिशांनी पोसलेली एक चूक

घरगुती रेल्वे मॉडेलचं जगातलं सर्वांत रूढ प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे एचओ. १४३५ला ८७ने भागलं की साडेसोळा मिलिमीटर येतात. एचओचे रूळ तेवढ्याच अंतराचे असतात आणि हिशेब चोख बसतो.

ब्रिटनमध्ये मात्र गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अडचण आली. तिथली इंजिनं मुळात लहान. ती ८७ने भागली की आत त्या काळची मोटर मावेना. तोडगा असा निघाला की रूळ साडेसोळा मिलिमीटरचेच ठेवायचे आणि वरची गाडी थोडी मोठी, एकास शहात्तर या प्रमाणात करायची. हेच ब्रिटिशांचं ओओ प्रमाण. १९३८ साली आलेल्या हॉर्नबी डब्लोने ते घरोघरी नेलं आणि आजही बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ब्रिटिश गाड्या याच मापाच्या असतात. या प्रमाणात खरं रुळांतर १८.८३ मिलिमीटर हवं, मिळतं १६.५. सव्वादोन मिलिमीटरचा हा घाटा समोरून पाहिलं की लगेच दिसतो.

काटेकोर मंडळींनी त्यावर उपायही शोधले. काहींनी १८.२ मिलिमीटरचं ईएम रुळांतर धरलं. काहींनी १९६०च्या दशकात १८.८३ मिलिमीटरचं पी-फोर घडवलं, त्यासाठी चाकांच्या कडाही खऱ्या प्रमाणात पातळ केल्या. अर्थात चाकं, रूळ, सांधे, सगळं स्वतः जुळवण्याची तयारी हवी. बहुसंख्यांनी घाटा मान्य केला आणि लक्ष गाडीच्या अंगाकडे वळवलं. म्हणून आज ब्रिटिश कंपन्या खऱ्या गाडीचं लेझरने मोजमाप घेऊन मॉडेल काढतात, आणि घेणारे दिव्याचा रंग, छतावरच्या झाकणाची जागा, डब्यावरचा क्रमांक यावरून वाद घालतात. रुळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आपला हिशेब

आता लोकल घ्या. १६७६ला ८७ने भागलं की १९.२६ मिलिमीटर. बाजारचे रूळ १६.५चे. घाटा पावणेतीन मिलिमीटरचा, म्हणजे ब्रिटिशांपेक्षाही मोठा. त्यातून डब्याची रुंदी एकास सत्त्याऐंशीत बेचाळीस मिलिमीटर भरते. ब्रिटिश डबा त्याहून मोठ्या, एकास शहात्तर प्रमाणातही साडेछत्तीस मिलिमीटरच होतो. एवढं रुंद धड अरुंद रुळांवर ठेवलं की लोकल नऊवारी नेसून चवड्यांवर चालल्यासारखी दिसते.

याला तीन वाटा आहेत. पहिली, बाजारचे रूळ वापरायचे आणि घाटा सोसायचा. दुसरी, १९.२६ मिलिमीटरचे रूळ स्वतः बांधायचे, ब्रिटनच्या पी-फोरवाल्यांसारखे. आयर्लंडमध्ये खरे रूळ १६०० मिलिमीटरचे आहेत. तिथल्या काही हौशी मंडळींनी एकास शहात्तर प्रमाणात एकवीस मिलिमीटरचे रूळ याच जिद्दीने घडवले आहेत. तिसरी वाट, गाडी चालवायचीच नाही. दिवाणखान्यात काचेखाली ठेवायची आणि रुळाचा तेवढाच तुकडा अचूक करायचा. नवख्याने तिसऱ्या वाटेने सुरुवात करावी.

एक चौथी वाटही आहे आणि ती अंधेरी-घाटकोपरकरांच्या डोक्यावरून जाते. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो स्टँडर्ड गेजवर, १४३५ मिलिमीटरवर धावते. म्हणजे एचओचे बाजारचे रूळ तिला तंतोतंत बसतात. गाडी चारच डब्यांची. मॉडेल जेमतेम एक मीटर लांब. त्यानंतरच्या मेट्रो २अ, ७ आणि भुयारी ३ याही स्टँडर्ड गेजच्याच. ब्रॉडगेजच्या शहरात मापाने अचूक आणि चालतं मॉडेल सर्वांत स्वस्तात करता येईल ते या पाहुण्या गेजच्या गाडीचं.

आधी साल ठरवा

रुळाचे पावणेतीन मिलिमीटर माफ करता येतात. सालाची चूक माफ नाही. मॉडेल गाडीचं नसतं, एका ठिकाणच्या एका सालच्या गाडीचं असतं.

१९९०चं मुलुंड करायचं असेल तर गाडी पिवळ्या-तपकिरी रंगाची, डीसी विजेवरची हवी. डब्यांची संख्या नऊ किंवा बारा. बारा डब्यांच्या गाड्या १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. वरची तारही वेगळी लागेल. १५०० व्होल्टवर तेवढीच ताकद पुरवायला प्रवाह प्रचंड लागतो, म्हणून डीसीच्या तारा जाडजूड असत. २५,००० व्होल्ट एसीच्या तारा त्यामानाने हलक्या. डीसीवरून एसीवर जाण्याचा हा बदल पश्चिम रेल्वेवर २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बरवर एप्रिल २०१६मध्ये पूर्ण झाला. १९९०च्या मुलुंडवर आजची बारीक तार ओढली की जाणकार पहिल्या नजरेत पकडतो.

२०१०चं बोरिवली निवडलं तर मजा वेगळी. सीमेन्सच्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या रुळल्या आहेत, पण जुन्या गाड्याही धावताहेत. नोव्हेंबर २००९पासून पंधरा डब्यांची लोकलही आली आहे. २०१८चं अंधेरी घ्याल तर २५ डिसेंबर २०१७ला सुरू झालेली वातानुकूलित लोकल फलाटाला लावता येईल. तिचे दरवाजे मिटलेले हवेत, बाजूच्या साध्या लोकलचे उघडे.

फलाटसुद्धा साल सांगतो. २०१४च्या जानेवारीत घाटकोपरला गाडी आणि फलाट यांमधल्या पोकळीमुळे गंभीर अपघात झाला. प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि उपनगरी फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या आसपास नेण्याचं काम वेगाने झालं. एकास सत्त्याऐंशीत ही वाढ फार तर दीड मिलिमीटर, पुठ्ठ्याच्या एका थराएवढी. पण २००५चं घाटकोपर करताना तो थर काढायचा असतो.

बारकावे

लोकलचा चेहरा म्हणजे मोटरमनची केबिन आणि वरचा इंडिकेटर. मध्य रेल्वेवर कर्जतच्या गाडीला एस आणि कसाऱ्याच्या गाडीला एन ही अक्षरं प्रवाशांच्या डोळ्यांत बसलेली आहेत; इंडिकेटर चुकला तर गाडी कुठली ते कळणारच नाही. मग पहिल्या वर्गाच्या आणि महिलांच्या डब्यांवरचे तिरके पट्टे, लगेजच्या डब्याच्या खुणा, दरवाजाच्या मधोमध उभा खांब, खिडक्यांचे आडवे गज. महिला स्पेशल करायची तर ५ मे १९९२ आधीची करता येणार नाही, कारण चर्चगेट–बोरिवली ही पहिली महिला स्पेशल त्या दिवशी सुटली.

आत दिवे लावणार असाल तर आतलंही दिसणार. लटकत्या कड्यांच्या रांगा, पंखे, बाकं आणि भिंतीवर चिकटवलेल्या बाबा बंगालींच्या जाहिराती. बाकं लाकडी की स्टीलची, हेही साल पाहून ठरवा. दसऱ्याच्या आसपासची गाडी असेल तर झेंडूची तोरणं आणि डब्यातल्या पूजेचा फोटो हवाच.

रंग कोरा करकरीत ठेवू नये. डब्याच्या खाली ब्रेकची तपकिरी धूळ, छतावर काजळी, दरवाजाच्या कडेला हातांनी झिजलेला पट्टा आणि हो, पानाचे ओघळ. मात्र हे सगळं पातळ, थरावर थर असं द्यावं. पावसाळ्याने धुतलेल्या बाजू आणि न धुतलेल्या खाचा यांत फरक दिसला पाहिजे.

आवाजाची सोय आता इवल्या चिपमध्ये होते. इथेही साल सोडत नाही. डीसी गाडी सुटताना टप्प्याटप्प्याने हिसके देत वेग घ्यायची. सीमेन्सची गाडी चढत जाणारा बारीक सूर काढत निघते. एकीच्या पोटात दुसरीचा आवाज घालू नये.

तीन मीटरची गाडी, दहा फुटांचा हॉल

बारा डब्यांची लोकल एकास सत्त्याऐंशीत जवळपास तीन मीटर, म्हणजे दहा फूट भरते. उपनगरातल्या वन बीएचकेचा हॉल तिथेच संपला. उपाय साधा आहे: तीन डब्यांचा एकच संच करा. तो तांत्रिकदृष्ट्या पूर्ण असतो. मधे मोटर कोच, दोन्हीकडे ट्रेलर, लांबी पाऊण मीटर. कारशेडच्या दारातून अर्धी बाहेर आलेली गाडी दाखवली की उरलेले डबे कुणी विचारत नाही. एकास एकशे साठ प्रमाणातही करता येतं, पण तिथे डबा तेवीस मिलिमीटर रुंद होतो आणि खिडकीचे गज कापताना डोळे दुखतात.

साहित्याला विलायतेला जायला नको. माउंट बोर्ड, प्लास्टिकच्या शीट आणि कटर एवढ्यात पहिला डबा उभा राहतो. दिवे, तारा, मोटर लॅमिंग्टन रोडवर मिळतात. त्रिमितीय छपाईची सोय झाल्याने छतावरच्या पेट्या आणि बोगी हाताने कोरण्याचे कष्टही कमी झाले. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशी रेल्वे म्युझियम मुलांसकट पाहा. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं हे छोट्या गाड्यांचं गाव १ एप्रिल १९९८ला लोकांसाठी उघडलं. सिग्नल, गाड्या आणि वेळापत्रक एकत्र कसं नांदवायचं, ते तिथे समजतं.

आता घाई का

जून २०२५मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप मिटणारे दरवाजे लावण्याचा निर्णय झाला. तो व्हायलाच हवा होता; उघड्या दरवाजाचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण त्याचा अर्थ असा की शंभर वर्षं चाललेली उघड्या दाराची लोकल आता जाणार. पिवळ्या-तपकिरी गाड्या गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर सेल्फी काढायला सगळ्यांच्या हातात फोन नव्हता. आता प्रत्येकाच्या हातात आहे.

तेव्हा मॉडेल करा अथवा करू नका, एवढं करा. फलाटावर सुरक्षित जागी उभं राहून, रुळावर न उतरता, थांबलेल्या लोकलचा बाजूने सरळ फोटो घ्या. पुलावरून छताचा घ्या. छताचे फोटो सर्वांत कमी असतात आणि मॉडेलला सर्वांत जास्त लागतात. घरातले जुने आल्बम उघडा. बोरिवलीच्या फलाटावर काढलेल्या मामाच्या फोटोत मागे जी गाडी उभी आहे, ती कुणाला तरी हवी आहे. आणि प्रत्येक फोटोमागे साल, स्थानक आणि गाडी कुठे चालली होती ते लिहून ठेवा. त्या तीन गोष्टी नसतील तर तो फोटो फक्त मामाचा राहतो, लोकलचा होत नाही.