शनिवारी उघडणारी वस्ती

मेक्सिको शहरात चार दिवस मुक्काम असेल तर त्यातला एक शनिवार असू द्या आणि तो सान आंखेलसाठी राखून ठेवा. शहराच्या दक्षिणेकडची ही श्रीमंत वस्ती एके काळी वेगळे गाव होती. कार्मेलाइट साधूंचा मठ, भोवती फळबागा. पुढे शहरातल्या धनिकांनी इथे वाडे बांधले. दगडगोट्यांच्या गल्ल्या, बोगनवेल आणि उंच भिंती. एरवी फिरायला गेलात तर त्या भिंतीच बघून परत याल.

शनिवारी मात्र सान हासिन्तोच्या चौकात चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात. चौकाच्या कडेला एका जुन्या वाड्यात १९६० पासून 'बासार साबादो', म्हणजे शनिवारचा बाजार, भरतो. (मूळ फारसी शब्द, आपल्याकडे आला तसा तिकडेही पोचला!) आत चांदीचे दागिने, मातीची भांडी, विणकाम, माल निवडक, किमतीही चढ्या. आम्हाला विचाराल तर खरी गंमत बाहेर आहे. तिथे काही विकत न घेताही चित्रकाराशी दोन शब्द बोलता येतात.

खरेदीच्या नादात भिंतीवरची एक पाटी हमखास नजरेतून सुटते. १८४७ च्या युद्धात अमेरिकी सैन्य सोडून मेक्सिकोच्या बाजूने लढलेल्या, बहुतांशी आयरिश असलेल्या तुकडीतल्या १६ जणांना याच चौकात फाशी दिले गेले. तुकडीतल्या सैनिकांची नावे त्या पाटीवर कोरली आहेत.

फुटकी बशी टाकवत नाही अशा गृहिणींनी इथले 'कासा देल रिस्को' चुकवू नये. त्याच्या अंगणातले अख्खे कारंजे चिनी मातीच्या बशा, कप आणि शिंपल्यांनी मढवले आहे.

तिथून थोडे चालले की निवडुंगाच्या कुंपणामागे दोन घरे दिसतात. लालसर-पांढरे चित्रकार दिएगो रिव्हेराचे, निळे त्याची पत्नी फ्रिदा काहलोचे. वास्तुकार हुआन ओ'गोरमनने १९३१-३२ मध्ये बांधलेली ही घरे वरच्या बाजूला एका पुलाने जोडली आहेत. आता तिथे संग्रहालय आहे.

मराठी माणसाने इथे क्षणभर जास्त थांबावे. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत शेतीशास्त्र शिकवत, आणि रिव्हेराने त्यांना शिक्षण मंत्रालयातल्या एका भित्तिचित्रात रंगवले आहे. ते चित्र मात्र शहराच्या मध्यभागी आहे. त्यासाठी शनिवार सोडून दुसरा दिवस काढा; आणि सान आंखेलच्या गल्ल्यांत टाचांच्या चपला घालून जाऊ नका.