भट्टीला वीज, विजेला धातू

फॅक्टोरिओ हा प्रागच्या वुब सॉफ्टवेअर कंपनीचा संगणकीय खेळ. २०२० मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. परक्या ग्रहावर अडकलेला अभियंता लोखंड-तांब्याचं खनिज खणतो, भट्टीत वितळवतो, यंत्रं उभारतो. यंत्रं वाढली की वीज अपुरी पडते आणि वीज वाढवायला पुन्हा धातूच लागतो.

खेळातली पहिली वीज कोळसा आणि पाण्याची. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राचं गणितही तेच: कोळसा रेल्वेने येतो, पाणी तापीचं. तिथले दोन संच प्रत्येकी ५०० मेगावॅटचे आहेत. खेळातलं वाफेचं इंजिन ९०० किलोवॅट देतं. म्हणजे दीपनगरच्या अशा एकाच संचाची बरोबरी करायला साडेपाचशेहून जास्त इंजिनं मांडावी लागतील!

पुढे खेळाडू सूर्याकडे वळतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीने १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला, तो २०१३ मध्ये. खेळातलं सौर पॅनल भर उन्हात ६० किलोवॅट देतं, पण रात्र धरून सरासरी ४२ वरच येते. विजेच्या एका भट्टीला १८० किलोवॅट लागतात. दुपारी तिला तीन पॅनलं पुरतात, दिवसरात्र चालवायची तर पाच हवीत आणि रात्रीसाठी साठवणही. सौरऊर्जेचा खरा पेच हाच आहे, आणि तो इथे हाताने सोडवावा लागतो.

जळगाव-धुळ्याच्या विज्ञान शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर आणावा. सोबत दीपनगर आणि साक्रीची सहलही काढावी.