चार दिवसांचे भिक्खू

विदर्भातल्या बौद्ध घरात १४ ऑक्टोबर १९५६ कोणाला सांगावा लागत नाही. त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थवीरही आपण फोटोत पाहिलेले असतात. पण त्याच चंद्रमणींचे शिष्य नेपाळातून धम्मासाठी हद्दपार झाले होते, ही गोष्ट आमच्या अकोल्यात कुठल्याच वर्षावासात कानावर येत नाही.

चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचे, मुक्काम कुशीनगरला. काठमांडूच्या खोऱ्यातल्या नेवार समाजाचे तरुण तिथे येऊन त्यांच्याकडून चीवर घेऊ लागले, मागून बायकाही आल्या. नेपाळ तेव्हा हिंदू राज्य. १८५४ च्या मुलुकी ऐनाने कोणती जात कुठल्या पायरीवर, हे कायद्यातच लिहून ठेवलेलं. १९४४ मध्ये राणा पंतप्रधान जुद्ध शमशेरने आठ भिक्खूंना देशाबाहेर काढलं. त्यांच्या पाठीशी उभी राहायला सारनाथला धर्मोदय सभा निघाली, त्यात भिक्खू अमृतानंद पुढे होते. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूत जागतिक बौद्ध परिषद भरली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. दीक्षेला महिना होतो न होतो तोच, तब्येत खालावलेली असताना, बाबासाहेब तिथे गेले आणि बुद्ध की मार्क्स यावर बोलले. सहा डिसेंबरला ते गेले.

आमच्या विहारातल्या महिला मंडळाची सहल नेहमीची: बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, सोनौलीची हद्द ओलांडून लुंबिनी. अशोकस्तंभाला वंदन करायचं अन् गाडी मागे फिरवायची. एका खेपेला आम्ही हट्टाने काठमांडूपर्यंत गेलो. स्वयंभूच्या स्तूपाला लागूनच हारितीचं देऊळ आहे. लेकरांना देवीच्या रोगापासून राखणारी ही माता. लेकरं कडेवर घेतलेल्या बायांची रांग, शेंदूर, दिवे, अंडी. आमच्यातली एक आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘अव माय, बुद्धाच्या शेजारी मरीमाय कशी काय व?’

प्रश्न रास्त होता. बावीस प्रतिज्ञा घेऊन आम्ही घरातले देव बाहेर काढले, तेव्हा कुठे बौद्ध झालो. काठमांडूच्या खोऱ्यात मात्र बुद्ध आणि देव एकाच अंगणात नांदतात. शाक्य कुळातली, म्हणजे बौद्ध घरातली मुलगी ‘कुमारी’, म्हणजे जिवंत देवी, म्हणून बसवतात आणि ती तळेजू या हिंदू देवीचं रूप मानली जाते. मच्छिंद्रनाथाला आपण नवनाथांत मोजतो. पाटणमध्ये त्याचा उंच रथ ओढतात, नेवार बौद्ध त्याला करुणामय अवलोकितेश्वर म्हणतात आणि त्याची पूजा बौद्ध पुजारी करतात. हे पाहून आपल्याकडचे काही लेखक ‘किती सुंदर समन्वय’ म्हणून विरघळतात. मी नाही विरघळले.

कारण पुढचं ऐका. पाटणच्या हिरण्यवर्ण महाविहारासारख्या जुन्या विहारांना तिथे बहाल म्हणतात. मधे चौक, भोवती खोल्या. पण आत राहणारे भिक्खू नाहीत, संसारी लोक आहेत. बहालातल्या मुलाचं मुंडण करून चीवर देतात, चार दिवस तो भिक्खू असतो, मग चीवर उतरवतो आणि जन्मभर संघाचा सदस्य राहतो. हा संस्कार फक्त शाक्य आणि वज्राचार्य कुळातल्या मुलांचा. दुसऱ्या जातीचा मुलगा कितीही श्रद्धाळू असो, त्याला तिथे जागा नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर लागतं, तिथे मुलाचं आडनाव विचारून वस्तरा लावत नाहीत. जातीला अंगणात येऊ दिलं की ती संघातही शिरते, हे बहालात उभं राहून दिसतं. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा इतक्या कडक का ठेवल्या, ते मला तिथे पुरतं उमगलं.

चंद्रमणींच्या शिष्यांनी आणलेल्या थेरवाद या बौद्ध पंथाची जादू हीच, की त्याने बहालाच्या दाराला वळसा घातला. धम्मवती नावाची शाक्य मुलगी घरच्यांना न सांगता ब्रह्मदेशात शिकायला गेली, परत येऊन १९६५ मध्ये तिने काठमांडूत धर्मकीर्ती विहार काढला. तिथे बाया प्रवचन देतात, लोक त्यांना गुरुमा म्हणतात.

२०२१ च्या जनगणनेत नेपाळात बौद्ध ८ टक्क्यांच्या थोडे वर आहेत. आमच्या अकोला जिल्ह्यात २०११ लाच हे प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त होतं. प्रमाणाने आपण जास्त, तरी तिथे बघण्यासारखं बरंच आहे. तेव्हा मंडळींनो, लुंबिनीहून माघारी फिरू नका. काठमांडूला जा, बहाल बघा आणि धर्मकीर्तीत जाऊन गुरुमांशी बोला. भारतीयांना व्हिसा लागत नाही.