हेगच्या न्यायालयात ‘सरंजाम’

आंतरराष्ट्रीय कायद्याचे संशोधन म्हटले की युद्धे, सागरी हद्दी, संयुक्त राष्ट्रे डोळ्यांपुढे येतात. पण या अभ्यासाची एक वाट पेशवाईच्या कागदांकडे जाते. मी वकील नाही. निकालपत्रे वाचता वाचता या वाटेला लागलो.

१९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली. दोन्ही प्रदेश दमणच्या किनाऱ्यापासून आत, भारतीय भूमीने वेढलेले. भारत तिथे जाऊ देत नाही, अशी तक्रार घेऊन पोर्तुगाल २२ डिसेंबर १९५५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. त्याची भिस्त मराठ्यांशी झालेल्या १७७९च्या तहावर आणि १७८३ व १७८५च्या सनदांवर होती.

१२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने या सनदांची भाषा तपासली. पोर्तुगीजांना मिळाला होता तो वर्षाला १२,००० रुपयांचा जहागीर वा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क. मुलुखाचे सार्वभौमत्व नव्हे.

तरीही पोर्तुगाल रिकाम्या हाताने परतला नाही. पुढे ब्रिटिशांनी त्याचे सार्वभौमत्व व्यवहारात मानले आणि स्वतंत्र भारतानेही ते मुकाट्याने चालू दिले, असे न्यायालयाला आढळले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा सुरू होती. आपल्याकडे बांधावरून जाणाऱ्या वाटेला वहिवाट म्हणतात, तसेच हे. अशी रूढी केवळ दोन राष्ट्रांपुरतीही असू शकते, हे तत्त्व या खटल्याने पक्के केले. ११ विरुद्ध ४ मतांनी हा मर्यादित हक्क मान्य झाला.

सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांचा हक्क मात्र ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारला गेला. त्यांच्यासाठी ब्रिटिश काळातही परवानगी किंवा परस्पर करार लागे. परवानगी मागून होते ती वहिवाट नव्हे. आणि १९५४च्या तणावात भारताने वाट रोखली, त्यात कर्तव्यभंग झाला नाही, असा कौल ९ विरुद्ध ६ मतांनी मिळाला.

एका मताने पारडे फिरणाऱ्या अशा वादांत जुन्या शब्दांचा नेमका अर्थ लावणारा माणूस लागतो. कायद्याच्या विद्यार्थ्याने मोडी शिकावी आणि मोडी जाणणाऱ्याने अशी निकालपत्रे उघडावीत. आपल्या दफ्तरांतले इनाम, वतन, सरंजाम हे शब्द इतिहासजमा झालेले नाहीत. उद्या कुठल्या सीमेच्या वादात त्यांची साक्ष निघेल, सांगता येत नाही.